‘बॉक्स गेलाय, साहेब!’ : जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं दुखणं ओळखायचं कसं?

पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागतात, असं टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्सने सांगितलं आणि संथ वाहतुकीत शहराला जगात चौथा नंबर दिला. रोज हिंजवडी गाठणाऱ्याला यात नवल नाही, ‘तेहतीसच?’ असं त्यानेच उलट विचारलं असेल. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कुरकुरायला लागला की माणूस ऑटोमॅटिक गाडीच्या मागे लागतो, आणि नवीन परवडत नसेल तर सेकंडहँड बघतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि ऑटोमॅटिक एकदम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या काळातल्या गाड्यांनी आता दहा वर्षं ओलांडली आहेत आणि एमएच-१२, एमएच-१४ च्या पाट्या लावून त्या विक्रीला उभ्या आहेत.

अशी गाडी एक दिवस गिअर बदलताना धक्का देते, किंवा सिग्नल सुटल्यावर नुसतीच ओरडते आणि जागची हलत नाही. गॅरेजमध्ये नेली की बोनेट उघडायच्या आत निकाल लागतो: “बॉक्स गेलाय, साहेब.” म्हणजे गिअरबॉक्स निकामी. जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडणारं हे वाक्य आहे. कधी ते खरंही असतं. पण ते पुराव्यानिशी बोललं गेलंय की नाही, हे मालकाला स्वतःला बरंचसं तपासता येतं. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. बिघाड नेमका कधी होतो, हे नीट सांगता आलं पाहिजे. ‘झटका बसतो’ या तक्रारीतून काहीच कळत नाही. ‘सकाळी पहिल्यांदा काढली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बसतो, गरम झाल्यावर नाही’ एवढं सांगितलंत तर अर्धं निदान तिथेच झालं.

आधी बघा, तुमच्याकडे कुठला ऑटोमॅटिक आहे

ऑटोमॅटिक हा एकच प्रकार नाही. आपल्याकडे चार प्रकार चालतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर-पंप करतात. सेलेरिओसारख्या मारुतीच्या एएमटी गाड्यांत लिव्हरवर ‘पी’ (पार्किंग) नसतो, ही सोपी खूण. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, खराखुरा ऑटोमॅटिक. त्यात क्लचच्या जागी तेल काम करतं. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्यांमधला स्टीलचा पट्टा वर-खाली सरकत राहतो, म्हणून रेस दिली की आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा एका जागी थबकतो आणि वेग मात्र वाढत जातो. चौथा डीसीटी, ज्याला फोक्सवॅगन-स्कोडावाले डीएसजी म्हणतात. त्यात दोन क्लच असतात आणि पुढचा गिअर आधीच तयार असतो.

गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. २००८ ते २०१३ च्या पिढीतली होंडा सिटी ऑटोमॅटिक पाच गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची. २०१४ ची सिटी सीव्हीटीची. जुन्या १.६ पेट्रोल व्हेंटोत टॉर्क कन्व्हर्टर, नंतरच्या टीएसआय (टर्बो पेट्रोल) व्हेंटोत डीएसजी. विकणाऱ्याला हा फरक माहीत असेलच असं नाही, आणि माहीत असला तरी तो सांगेलच असंही नाही.

पुढचा बराचसा भाग टॉर्क कन्व्हर्टरबद्दल आहे. जुन्या गाड्यांत तो भरपूर सापडतो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच आहेत.

आत चालतं तरी काय

ताक घुसळताना भांडं पायाने दाबून धरलं नाही तर रवीबरोबर तेही गरागरा फिरायला लागतं. रवीने भांड्याला हात लावलेला नसतो. मधलं ताकच त्याला ओढून नेतं. टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. इंजिनाला जोडलेली पाती तेल भिरकावतात, ते तेल समोरच्या पात्यांना फिरवतं आणि ती पाती गिअरबॉक्सला. सिग्नलला गाडी ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) उभी असूनही इंजिन बंद पडत नाही ते याचमुळे: भांडं ब्रेकने धरून ठेवलेलं असतं आणि रवी आत फिरत असते.

यात ताकद थोडी वाया जाते आणि तेल तापतं. म्हणून एका वेगानंतर आतला एक छोटा क्लच दोन्ही बाजू थेट जोडून टाकतो. त्याला लॉकअप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात आणि तेलात बुडालेल्या क्लच प्लेटचे गठ्ठे. कुठला गठ्ठा आवळायचा, कुठला सोडायचा, यावर गिअर ठरतो. आवळायचं काम तेलाचा दाब करतो. तो दाब व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या चक्रव्यूहातून वाट काढत जातो आणि त्या वाटेवरचे दरवाजे म्हणजे सोलेनॉइड, विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व्ह. त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर वेगळा. म्हणजे तेलच ताकद पोचवतं, तेलच गिअर बदलतं, वंगण देतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. तेल कमी पडलं, जळलं किंवा चुकीचं भरलं तर सगळ्याच कामांची एकदम बोंब होते.

कधी होतं ते सांगा

पहिली परीक्षा उभ्या गाडीत होते. ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, ‘पी’वरून ‘आर’ (रिव्हर्स) टाका. एखाद्या सेकंदात गाडीने हलकीशी पकड घेतल्याचं जाणवतं. मग ‘डी’ टाकून बघा. दोन-तीन सेकंद काहीच घडत नसेल आणि मग दणका बसत असेल, तर दाब वेळेवर तयार होत नाही. तेल कमी असेल, फिल्टर तुंबलेला असेल किंवा रबरी सील कडक झाले असतील. फक्त सकाळच्या पहिल्या वेळी असं होत असेल तर रात्रभरात तेल खाली उतरून बसलंय, इतकंच असू शकतं. गाडी गरम झाल्यावर होत असेल तर मात्र मामला गंभीर. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून दाब निसटतो. कात्रजच्या नव्या बोगद्याने सुसाट जाणारी गाडी जुन्या घाटात शिवापूरच्या बाजूने चढताना सरकायला लागते, ती याच कारणाने.

‘सरकते’ म्हणजे काय तेही स्पष्ट करतो. पाय तेवढाच, रस्ता तोच, पण काटा दोन हजारांवरून तीन हजारांवर उडतो आणि वेग वाढत नाही. क्लच प्लेट घसरतायत. हे एकाच ठिकाणी, समजा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, होत असेल तर त्या गिअरचा गठ्ठा किंवा त्याचा सोलेनॉइड संशयित. सगळ्याच गिअरमध्ये होत असेल तर तेल, पंप, दाब असा वरपासून विचार करायचा.

तिसरी तक्रार थरथरीची. पन्नास-साठच्या वेगाला हलक्या पायाने चाललंय, आणि छोट्या पट्ट्यांच्या रंबलरवरून गेल्यासारखी गाडी सेकंदभर थरथरते. इथे लॉकअप आठवा: तो धड लागत नाही, धड सुटत नाही. रस्ता मोकळा असेल तर थरथर चालू असतानाच ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने लॉकअप सुटतो आणि थरथर थांबली तर संशय बळावतो. पक्का मात्र होत नाही. का ते पुढे येईल.

आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, पिकअप मेला, डॅशबोर्डवर दिवा लागला, तर बऱ्याचदा कॉम्प्युटरने स्वतःच बॉक्सला मर्यादित कामावर ठेवलेलं असतं, आणखी नुकसान होऊ नये म्हणून. हे निम्म्या वेळा एखाद्या सेन्सरच्या किंवा वायरच्या पायी घडतं, असं मी अंदाजाने म्हणेन. बॉक्स उघडायच्या आधी वायर बघावी, एवढ्यापुरतं ते पुरे.

टिश्यू पेपरवरचा थेंब

ज्या गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, आहे, तिथे ही तपासणी फुकटात होते. बऱ्याच गाड्यांत गरम इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून ‘पी’त आणून पातळी बघतात. होंडाच्या अनेक जुन्या मॉडेलांत उलटं आहे: इंजिन गरम करा, बंद करा आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत बघा. एकाची रीत दुसऱ्याला लावलीत तर पातळी चुकीची दिसेल आणि उगाच तेल ओतून बसाल. जास्त तेलही वाईटच. त्याला फेस येतो आणि फेसाने दाब तयार होत नाही. म्हणून गाडीचं मॅन्युअल उघडाच. ग्लव्ह बॉक्समध्ये ते पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली दबलेलं असतं.

आता थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि मिनिटभर थांबा. तांबूस, पारदर्शक थेंब सारखा पसरला तर ठीक. तपकिरी असेल तर तेल म्हातारं झालंय, एवढंच. काळपट, मधोमध गाळाचा ठिपका आणि करपलेला वास असेल तर क्लच प्लेट जळल्यात. गुलाबी दुधासारखं दिसत असेल तर गाडी तिथेच थांबवा. बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड करायची नळी रेडिएटरमधूनच जाते आणि आतून फुटली की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेलात मिसळतं. पाणी लागलं की प्लेटवरचं अस्तर सुटायला लागतं. नुसत्या रंगावर मात्र फैसला करू नका. काही कंपन्यांचं तेल मुळातच लाल नसतं.

डिपस्टिक नसेल तर गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. तेल काढलंच तर खालचा पॅन उघडून त्यातलं लोहचुंबक दाखवायला सांगा, आणि हे तुमच्या समोर होऊ द्या. चुंबकावर बोटाने पुसता येईल अशी करडी, मऊ साय असेल तर दहा वर्षांच्या गाडीत ती असायचीच. बोटाला टोचणारे चमकदार तुकडे निघाले तर ‘बॉक्स गेलाय’ या वाक्याला पहिल्यांदा पुरावा मिळाला.

‘पण जुन्या गाडीत ऑइल बदललं की बॉक्स बंद पडतो ना?’

हे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. यात तथ्याचा कण आहे. वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या, आधीच घसरणाऱ्या गाडीत मालक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतो. महिन्याभरात बॉक्स बसतो आणि खापर नव्या तेलावर फुटतं. मुळात प्लेट संपलेल्या होत्या. शिवाय मशिन लावून दाबाने तेल फिरवलं तर साचलेला गाळ हलून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. म्हणून जुन्या बॉक्सला साधी रीत बरी: खालून निघेल तेवढं काढायचं, तेवढंच मोजून भरायचं, काही दिवस गाडी चालवायची आणि परत एकदा तेच. एका वेळी सगळं तेल निघतच नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं.

‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही’ हे दुसरं टोक. मला ते पटत नाही. तेलाचं आयुष्य उष्णतेवर ठरतं आणि विद्यापीठ चौकात रोज सरपटणाऱ्या गाडीचं तेल सतत तापलेलंच असतं. चाळीस-साठ हजार किलोमीटरला बदलावं, असं माझं मत.

तेल कुठलं, यात तडजोड नको. जुन्या ह्युंदाईंना एसपी-३, होंडाला झेड-१ च्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या बऱ्याच बॉक्सना डब्ल्यूएस. “सगळ्याला चालतं हो” म्हणत बॅरलमधून भरून देणाऱ्याला नमस्कार करून निघा. सीव्हीटीत तर हे अजिबात चालत नाही, तिचं तेलच वेगळं असतं.

चोर सोडून संन्याशाला

ओळखीतल्या एकांची सेडान वारज्याचा पूल चढताना साठच्या आसपास थरथरायची. गॅरेजने कन्व्हर्टर बदलायला सांगितला. गाडीच्या कॉम्प्युटरमधली दोषांची नोंद वाचणारा स्कॅनर लावला तर त्यात पी०३०२ हा कोड निघाला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय. ठिणगीसाठी वीज पुरवणारी दोन नंबरची इग्निशन कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावून गाडी फिरवून आणली. कोड पी०३०३ झाला. कॉइलबरोबर दोष सरकला, म्हणजे दोष कॉइलचाच. नवी कॉइल बसवली, थरथर संपली. लॉकअप लागलेला असताना इंजिनाचा प्रत्येक ठोका थेट चाकांपर्यंत जातो, म्हणून ठिणगीची चूक गिअरबॉक्सची वाटते. ब्रेकला स्पर्श केल्यावर लॉकअप सुटतो आणि तेल तो ठोका गिळून टाकतं. म्हणूनच मघाची परीक्षा एकटी पुरेशी नाही.

‘आर’ टाकल्यावर धाड्‌कन आवाज येत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, बघा. बोनेट उघडं ठेवा, आत बसलेल्याने ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही लावून आर-डी-आर करावं; तुम्ही बाजूला उभं राहून बघा, गाडीच्या पुढे-मागे कोणीही नको. इंजिन उडी मारत असेल तर रबर फाटलंय. लिव्हर ‘पी’तून निघतच नसेल तर आधी ब्रेकचे दिवे लागतात का ते बघा, ब्रेकखालचा छोटा स्विच गेला की लिव्हर कुलूपबंद राहतो. कमजोर बॅटरीने कॉम्प्युटर वेड्यासारखा वागतो, एएमटीत तर पंपच बॅटरीवर चालतो. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी घाणीने भरली की तिच्यामुळे आयडलिंग वर-खाली होतं आणि गिअर टाकताना झटका बसतो. आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर! त्यांनी कुरतडलेल्या एका वायरीपायी अख्खा बॉक्स उतरवायची वेळ येऊ शकते.

‘स्कॅनर लावला की कळतंच की सगळं!’

कळत नाही. पी०७०० हा कोड सगळ्यात जास्त दिसतो आणि त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. ती तक्रार वाचायला त्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा इंजिनापर्यंतच पोचतात. आतली नोंद पी०७१५ किंवा पी०७२० असेल तर वेग मोजणाऱ्या सेन्सरची बाजू तपासायची, पी०७५० असेल तर एका सोलेनॉइडची, पी०७४१ असेल तर लॉकअपची. पी०७३० म्हणजे अपेक्षित गिअर आणि प्रत्यक्ष फिरणं जुळत नाही, म्हणजे घसरण. कोड संशयिताचं घर दाखवतो. दार कोणी उघडलं ते दाखवत नाही. सोलेनॉइडचा कोड वायरीमुळेही येतो.

पुण्यात आणखी एक गोष्ट तपासाच. २५ जुलै २०२४ ला मुठेचं पाणी सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्यांत गेलं. अशी गाडी धुऊनपुसून पुढे विकली गेली तर दोष कितीतरी महिन्यांनी बाहेर येतो: कनेक्टरच्या पितळेवर हिरवा थर चढतो, गिअर मनाला येईल तेव्हा अडकतो, परत चालतो. सीटचे रूळ गंजलेत का, कार्पेटखाली वाळलेला गाळ आहे का, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर चिखलाची रेघ दिसते का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

बाकीच्या तिघांचं थोडक्यात

एएमटी गिअर बदलताना थोडी मान डोलावतेच. ती तिची जात आहे. चढावर निघताना जळका वास, गाडी मागे येणं, मध्येच ‘एन’ (न्यूट्रल) दिसणं, ही खरी लक्षणं. आत साधी क्लच प्लेट आहे आणि ती झिजते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरणाऱ्याची लवकर झिजते. प्लेट बदलल्यावर स्कॅनरने कॉम्प्युटरला नवी पकड शिकवावी लागते. ते केलं नाही तर नव्या प्लेटवरही झटके कायम राहतात.

सीव्हीटीत घरघर वाढणं किंवा निघताना गचके बसणं ही धोक्याची घंटा. पट्टा किंवा पुली झिजली असेल तर दुरुस्ती स्वस्तात आटपत नाही. व्हेंटोसारख्या छोट्या गाड्यांतल्या सात गिअरच्या डीएसजीचे क्लच कोरडे असतात, त्यांना रांगतं ट्रॅफिक सोसत नाही. अशी गाडी हिंजवडीच्या नोकरीत दहा वर्षं राबली असेल, तर क्लच आणि मेकाट्रॉनिक म्हणजे तिचा डोक्याचा भाग यांचा अहवाल हातात आल्याशिवाय मी तरी टोकन देणार नाही.

घ्यायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर आधी बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर गाडी का तापवून ठेवली, ते विचारा. थंड इंजिनावर आर-डीची परीक्षा घ्या, मग पेठेतल्या किंवा कोथरूडच्या गल्ल्यांत हळू फिरवा, हायवेवर लॉकअप तपासा आणि शेवटी बोपदेव घाट चढवा. वर पोचल्यावर पाच मिनिटं थांबून उतारावर तोंड खाली करून उभी करा आणि चढाच्या दिशेने रिव्हर्स घ्या. गरम बॉक्स, चढ आणि रिव्हर्स तिन्ही एकत्र आले की लपवलेलं दुखणं बाहेर येतं.

तेलाची पातळी बरोबर आहे, वायरिंग आणि माउंटिंग बघून झालंय, तरी गरम झाल्यावर सगळ्या गिअरमध्ये घसरतेय आणि चुंबकावर धातूचे तुकडे आहेत, तर मात्र बॉक्स खरोखर गेला. मग दोन वाटा: आहे तोच खोलून बांधणं किंवा स्क्रॅपमधल्या गाडीचा बसवणं. दुसऱ्या वाटेने जाणार असाल, नाना पेठेतून घ्या नाही तर कुठूनही, बॉक्स गाडीत चढवायच्या आधी त्याचा पॅन तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि त्याच्या पट्टीवरचा कोड तुमच्या जुन्या बॉक्सशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. तेलाची कूलर नळी धुऊन घ्या. जुन्या बॉक्सचा चुरा तिच्यात बसलेला असतो आणि पहिल्याच आठवड्यात तो नव्यात उतरतो. ठरलेल्या पैशातला काही भाग गाडी एकदा घाट चढून येईपर्यंत हातात ठेवा आणि हे बोलणं काम सुरू व्हायच्या आधीच करून घ्या.